जमिनीपर्यंत न आलेला पाऊस

बाबा,

पवनीचं आभाळ अजून तसंच लहरी आहे. सोमवारी पापड वाळतील असं ऊन, मंगळवारी पूर्वेचा दमट वारा, बुधवारी नदीवर ढग, आणि गुरुवारी बसस्टँडकडे सर आली तर बाजारात धूळ उडत असते. आता मोबाइलवर आख्ख्या आठवड्याचं हवामान दिसतं. तो तुमच्याइतकाच ठामपणे सांगतो आणि तुमच्याइतकाच चुकतो. फक्त चुकल्यावर जेवायला बसून आपण कसे बरोबर होतो हे समजावत नाही.

तुमचे विद्यार्थी रस्त्यात भेटतात. डोक्यावर टक्कल, हातात भाजीची पिशवी, आणि म्हणतात, "सरांनी ढग असा शिकवला का अजून ध्यानात आहे." मी हसून पुढे जाते. ध्यानात माझ्याही आहे. चुलीवर भात रटरटतो आहे, तुम्ही वरचं झाकण उचलून माझ्यासमोर धरता. "पाह्य, वाफ वर गेली, थंड झाली. पण नुसती थंड होऊन भागत नाही, तिले धरायले धुळीचा कण लागते. मंग थेंबाले थेंब भेटते, जड होते, हवेले पेलत नाही, आन् पडते." झाकणावरचे थेंब ओघळून चुलीत पडतात, चर्रर्र होतं, मी टाळ्या वाजवते. आई बाजूला उभी आहे, हात पदराला पुसत. झाकण इतका वेळ उघडं राहिलं की त्या दिवशी भात कच्चा राहिला, आणि पहिल्याच घासाला तुम्ही आईवर डाफरलात, "एवढं साधं काम नाही जमत तुले." आईनं भात परत चुलीवर चढवला. झाकण तुम्हीच उघडं धरलं होतं हे मी सांगितलं नाही, कारण मला ढग शिकायचे होते.

पण मला बोलायचं आहे ते त्या गुरुवारबद्दल. नागपूरला नर्सिंगच्या प्रवेशाची मुलाखत होती. यादीत माझं नाव लागलं होतं, हजर राहिलं की झालं. मी आदल्या संध्याकाळी केसांना तेल लावून, साडीला इस्त्री करून ठेवली होती. दिवाळी तोंडावर होती आणि आपलं हलकं, लवकर येणारं धान कापून झालेलं. कापलेल्या धानाच्या कडपा शेतभर पसरून वाळत पडल्या होत्या, आणखी जरा ऊन लागलं की गोळा करून पुंजणं लावायचं, म्हणजे गंजी रचायची. सकाळी तुम्ही अंगणात उभे राहून पूर्वेकडे बघितलंत आणि म्हणालात, "आज कोणी कुठं जात नाही. ढग येऊन राहिले."

आई पहिल्यांदाच तुमच्यासमोर उभी ठाकली. "जाऊ द्या ना तिले. मी लावतो पुंजणं. मजूर बाया आहेत, तिचा भाऊ आहे."

"त्याची ट्युशन आहे. आन् नर्स काय, पुढच्या सालीही होता येते. भिजलेलं धान पुढच्या साली वाळते काय?"

असे प्रश्न तुम्हाला नेमके सुचायचे. तेच तर तुम्ही वर्गात कमावलं होतं. मी इस्त्रीची साडी घडी करून ठेवली आणि विळा न घेताच शेतात गेले, कारण कापायचं काही उरलं नव्हतं, फक्त उचलायचं होतं. दिवसभर कडपा उचलल्या. हातांवर धानाचे ओरखडे उठले. ढग आले, काळे झाले, नदीच्या अंगाला लोंबत राहिले, आणि दुपार कलल्यावर पांगले. एक थेंब पडला नाही. नागपूरची शेवटची सोयीची बस तेव्हा केव्हाच निघून गेली होती.

संध्याकाळी तुम्ही जेवताना काय म्हणालात ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही वरणभात कालवत म्हणालात, "पाऊस पडला. पण खालची हवा कोरडी होती, थेंब वाटेतच विरले. जमिनीपर्यंत आला नाही, एवढंच." म्हणजे तुमचा अंदाज बरोबरच होता! माझ्याकडे बघून असं बोललात जणू मला शाबासकी देत होतात. आईनं माझ्या ताटात भाजी वाढली, मी न मागता. पुढच्या साली धान कापायला येण्याआधीच तुम्ही माझं लग्न लावून दिलंत. गावातलंच सासर, माणसं चांगली. तक्रार करायला तोंड नाही, इतकी चांगली. अजूनही दवाखान्यात कुणाला भेटायला गेले की नर्स सलाईन कशी लावते ते मी बघत उभी राहते आणि ज्याच्यासाठी गेले त्याला विसरते.

तुम्ही गेल्यापासून शेत मी बघते. भाऊ पुण्यात असतो, फोनवर पाऊसपाणी विचारतो. यंदाही कडपा पसरलेल्या होत्या, आभाळ भरून आलं होतं, आणि माझ्या मुलीची नागपूरला नोकरीची मुलाखत होती. मी तिला डबा दिला आणि बसमध्ये बसवून दिलं. ती खिडकीतून हात हलवत गेली. बस सुटल्यावर पाऊस आला, चांगला जमिनीपर्यंत आला. मजूर बायांसोबत मी धावले, पण अर्ध्या कडपा पाण्याखाली गेल्या. एक जण म्हणाली, "पोरीले थांबवाचं होतं ना बाई. दोन हात वाढले असते."

"तिचं काम मोठं होतं," मी म्हणाले. हे वाक्य मी कित्येक वर्षं तुमच्या तोंडून ऐकायला टपून बसले होते.

दुपारी तिचा फोन आला. "आई, झालं माझं, घेतलं मला! तिकडं पाऊस आला काय गं?"

"नाही आला," मी म्हणाले आणि लगेच फोन ठेवला. बाया म्हणाल्या, केवढी माया. मी त्यांना तसंच समजू दिलं. माया होती, नाही असं नाही. पण बाबा, चिखलात उभी असताना मला पोटच्या पोरीचा हेवा वाटत होता, आणि आणखी क्षणभर जरी ती बोलली असती तरी तो तिला माझ्या आवाजात ऐकू गेला असता.