धुरपतीची ओटी

जळकोट, ८ जून १९५८

शरणप्पा भावजी मॅट्रिकला परत नापास. सासूबाईंचं ठरलेलं — "धुरपतीचा तळतळाट." म्हणजे गणिताचा पेपर धुरपतीनं सोडवायचा होता काय?

लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय. एका दुष्काळात धुरपती नावाची मजूर बाई आमच्या मळ्यातल्या विहिरीत उतरली. तिच्या जातीला विहिरीला शिवायची बंदी, तरी घागर बुडवली. आजेसासऱ्यांनी वरून दगड घातला. ती पाण्यात पडली, कुणी काढली नाही. आजेसासरेच गावचे पोलीस पाटील — चौकशी कोण करणार? तेव्हापासून म्हणे घराला शाप आहे. म्हैस आटली — धुरपती. पत्रे उडाले — धुरपती. मेल्यावरही बाईला या घरात उसंत नाही.

११ जून

शाळेत शिकवायला गेले नाही. पोटात कळा येतायत.

१३ जून

चौथा महिना होता. राहिलं नाही.

सकाळपासून सांगत होते, नळदुर्गला दवाखान्यात न्या. हे म्हणाले, "आईला विचारतो." आई म्हणाल्या, "आधी अंगारा लावा." अंगाऱ्यातच दुपार गेली. आता सगळे मिळून धुरपतीला बोल लावतात. बरी सापडलीय. ती काही उलट बोलायला येत नाही.

१५ जून

अमावस्येला विहिरीवर धुरपतीची ओटी भरायची. इरकली लुगडं, खण, नारळ. आणि भरायची कुणी, तर मी.

सासूबाईंना म्हटलं, "आत्या, तिची लेक सिताबाई गावातच आहे. तिला द्या ना लुगडं."

"येडी का काय? तिला वसरीवर चढवू?"

सिताबाई रोज आमच्याच रानात राबते. पाणी मागितलं की तिच्या ओंजळीत वरून ओततात. आईच्या भुताला इरकली लुगडं नेसवणार, आणि लेक अंगणाच्या बाहेर! देवभोळी माणसं म्हणे.

मामंजी तेवढे उठून रानाकडं गेले. सासरे असून एकटे तेच माझी बाजू घेतात. मला शाळेत शिकवू दिलं तेही त्यांनीच.

१७ जून, अमावस्या

सगळे विहिरीवर जमलेले. मी ओटी भरली नाही. सरळ म्हटलं, "दगड घालणारा म्हातारा पोटभर जगून, खाटेवर सुखानं मेला. त्याचं पाप माझ्या पोटावर कशाला? असल्या पूर्वजाच्या तसबिरीला मी हात जोडायची नाही."

ह्यांनी हात उगारला. मामंजींनी तो वरच्या वर धरला. म्हणाले, "तिला कुणी हात लावायचा न्हाय." मग माझ्याकडं न बघताच घरी चालू लागले. काल रात्रीपासून त्यांच्या पोटात अन्न नाही.

१८ जून

मामंजींनी सकाळी वसरीवर बोलावलं.

"माझ्या वडलांना बोलू नको, पोरी. त्या दिवशी ते तुळजापूरला व्हते. दगड म्या घातला. पायरीला धरून ती लई वेळ हाका मारीत व्हती. म्या हात दिला न्हाय — शिवावं लागलं असतं. वडलांनी आल्यावर समदं आपल्या नावावर घेतलं."

मी म्हटलं, "हे मला नका सांगू. सिताबाईला सांगा."

ते अजून बसूनच आहेत. मी त्यांच्या चपला आणून समोर ठेवल्यात.