मटनाची चिक्की कुनी केली

कामथडी
बुधवार दुपार, बाळ निजलाय तवर

लताआक्का,

तुज्या न् दाजींच्या पाया पडते. दाजींचा गुडगा कसा हाय? जिना चडू देऊ नको त्येंला. हिकडं समदी खुशाल हायती, म्हंजी मला सोडून समदी. फोनच केला असता, पर सासूबाई म्होरंच बसत्यात आन् तुजा आवाज फोनमदनं पार फुडच्या गावाला, शिवऱ्यापातूर जातुया. म्हून चिठ्ठी लिवतीया. आक्षराला हसू नको. वाचली की गॅसवर जाळ, पर खिडकीचा पडदा संबाळ.

तुला म्हाईतच हाय, रविवारी माज्या सार्थकचा पयला वाडदिस हुता. पोर माजं, सिझर माजं झालं, पर वाडदिस झाला माज्या धाकट्या जावंचा, स्नेहलचा. भोरची शिकल्याली पोर ती. भावजींनी तिला ओव्हन घिऊन दिलाय तवापास्नं आमच्या घरात दुसरा इषयच न्हाई. तिनं केक काडला की सासूबाई समद्या आळीला हाळी मारून दावत्यात. म्या रोज सोळा भाकरी थापते, त्या बगाया कोन येतंय? (येकदा लई झ्याक फुगली हुती, म्हून म्हनले, आत्याबाई, बगा तरी. तर म्हनल्या, उलट ती, करपंल.) केक बी काय, निस्ता फुगल्याला पाव. पर वर गुलाबाची फुलं काडती बया, आन् मोबाईलवर टाकती. आमचं हे सुदीक अंगठा दावत्यात. माज्या भाकरीला ह्येंनी कदी अंगठा दावला न्हाई.

म्हून तू शुकरवारी उब्या उब्या आलीस आन् तू कामाला जातीस त्या बंगल्यावरच्या मॅडमनी दिल्यालं ते गार पाकीट पिशवीतनं काडलंस, तवा मला वाटलं माजं नशीबच फळफळलं. तू म्हनलीस, मॅडम पार्टीला ह्या पट्ट्यांवर साखर घालून ओव्हनमदी भाजत्यात, पावनं तुटून पडत्यात, मटनच आसंल कसलं तरी. "आसंल" म्हनलीस आक्का! तवा म्या बी फुडं इचारलं न्हाई. पाकिटावर डुकराचं हासरं तोंड हुतं, न्हाई असं न्हाई. पर काडीपेटीवर घोडा असतुया, खताच्या गोनीवर बैल असतुया, उदबत्तीवर मोर असतुया. उदबत्तीत काय मोर घालत्यात व्हय? म्या म्हनलं, डुक्करछाप कंपनी आसंल. भाईरच्या देशात आवडत आसंल त्येंला.

ओव्हन स्नेहलच्या खोलीत, म्हून तिच्या म्होरं हात पसरावं लागलं. तर म्हनती कशी, "ताई, बटण मी लावून देते, तुम्हांला नाही जमायचं." आन् बटन फिरवून गेली फुगं फुगवाया. तेवडंच केलं तिनं, ध्यानात ठिव. बाकी समदं म्या. जाळीवर पट्ट्या आंथरल्या, वर गूळ किसून, मिरी कुटून, आपलं घरचं तिखट भुरभुरलं. म्हंलं मॅडमची साखर मॅडमला लखलाब. आत जे काय चरचराया लागलं! चरबी खालच्या ताटात ठिपकायली, धूर तिच्या पांडऱ्या भितीवर. (ते बगून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.) भाईर काडल्या तर वल्या चिंदीवानी लोंबायल्या. म्या मोरीत जाऊन रडले. पर धा मिंटात गार झाल्या आन् अशा कडक झाल्या की हात लावला तर कट्टकन् मोडायच्या. गोड, तिखट, खारट, समदं येकदम.

आक्का, लोकांनी काय खाल्लं! कुनीतरी म्हनलं ही मटनाची चिक्की, तेच नाव पडलं. सासूबाईंनी चार खाल्ल्या आन् दोन पदराला बांदल्या. आमच्या ह्येंनी माज्याकडं असं बगितलं, जसं लग्नात बगितलं हुतं. स्नेहलचा केक निम्मा तसाच ऱ्हायला. त्येच्यावर माशी बसली. म्या हाकलली न्हाई.

राती भांडी घासताना पाकीट चांगलं हाय, मसाल्याला हुईल, म्हून धुवाया घेतलं. पाठीमागं आक्खं डुक्कर काडल्यालं. त्येच्या अंगावर खाटकानं तुकडं पाडावं तशा रेगा मारल्याल्या आन् पोट तेवडं लाल रंगवल्यालं. आता तूच सांग, छापाला रेगा कोन मारतंय? ज्या घरात सोमवारी कांदा शिजत न्हाई, त्या घराला म्या डुक्कर खायला घातलं! सार्थकनं बी येक तुकडा चोखला हुता. दोन दिस त्येचं अंग चाचपतीया, लंगोट बगतीया. काय बी झालं न्हाई, उलट भूक वाडलीया. पर कळलं तर सासूबाई मला पोरासकट आईकडं धाडतील, न्हाईतर पोराबिगर. त्येचंच लई भ्या वाटतंया.

तर सोमवारी काय झालं, शेजारच्या सखूबाई चिक्की कुनी केली म्हून इचारत आल्या. सासूबाई म्हनल्या, "आमच्या स्नेहलनं. तिचाच ओव्हन न्हवं!" आन् ती बया मान खाली घालून म्हनती, "काही नाही हो, सोपं असतं." म्या तितंच हुते! पर मग इचार केला, मंगल, ह्येच बरं हाय. उद्या भांडं फुटलं तर तिच्या गळ्यात. तू गप ऱ्हा. म्हून म्या गप हाय. सोमवारी गप, मंगळवारी गप. जलमात परत त्या ओव्हनच्या वाऱ्याला उबी ऱ्हानार न्हाई. तू बी कुनाला सांगू नको.

तुजी धाकटी,
मंगल

ता.क. चिठ्ठी घडी घालून ठिवली हुती, सांजच्याला परत उगडलीया. सखूबाई परत आल्या हुत्या. सासूबाईंनी त्येंच्या म्होरं स्नेहलच्या डोस्क्यावरनं हात फिरवला आन् म्हनल्या, "हात हाय का काय हाय पोरीचा!" माजं हात पिठात हुतं. मला काय झालं कुनास ठावं, म्या वराडले, चिक्की म्या केली! तिनं निस्तं बटन फिरवलं! स्नेहल हासली. सासूबाई म्हनल्या, "व्हय? मग रविवारी सखूबाईच्या नातवाचं बारसं हाय, तितं समद्यांच्या म्होरं करून दाव."

ता.क. दुसरं. म्हून चार पाकिटं धाड. शनवारी आमच्या आळीतल्या कुमारचा भाजीचा टेम्पो तुमच्या तिकडच्या मार्केटातनं परत येतुया, त्येच्याकडं दे. ही चिठ्ठी बी उद्या त्येच्याच हाती धाडतीया. पाकिटं फोडून डब्यात भर, वरनं बरफ. डुकराचं तोंड कुटं दिसाया नको.

ता.क. तिसरं. मॅडमला इचार, तसल्याच पट्ट्या बोकडाच्या मिळत्यात का. मिळाल्या तर... न्हाई, नको. हीच धाड. चव बदलली तर स्नेहल म्हनंल, बगा, त्या दिशी मीच केली हुती.