कढईतला हसरा पापी

बाबा, कढईतला तो पापी मी आज पडद्यावरून घालवला आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाहीये. खाली जाऊन चहा पिऊन आले, मरोळच्या आमच्या गल्लीत टेम्पोंच्या मधून उगाच एक चक्कर मारली, परत येऊन खुर्चीत बसले, पुन्हा उठले. शेवटी म्हटलं, तुम्हालाच सांगावं. तुम्ही गेलात तेव्हा मी अजून शिकत होते, म्हणून आधी माझं काम काय ते सांगते. मी जुनी चित्रं संगणकावर पुन्हा उभी करते. फाटलेली, विटलेली, वाळवी लागलेली चित्रं फोटोंच्या तुकड्यांतून आमच्याकडे येतात आणि मुळात ती जशी असतील तशी करायचा आम्ही प्रयत्न करतो. यावेळी आलं ते मुलुंडच्या देवळातलं नरकाचं चित्र. हो, तेच. देऊळ पाडून नवं बांधलंय, वरच्या मजल्यावर एसी सभागृह आहे आणि तिथे भिंतभर पडद्यावर हे चित्र दाखवायचं ट्रस्टच्या मनात आहे. मूळ कापड आता हात लावला तरी चुरतं.

तुम्हाला ते चित्र डोळे मिटूनही दिसत असेल, मला मात्र ते नव्याने बघावं लागलं. कुणा जुन्या कवीने आपण नरक पाहून आल्याचं लांबलचक काव्य रचलं आणि नंतर कधीतरी कुणीतरी ते एवढ्या मोठ्या कापडावर रंगवलं. चातुर्मासात कीर्तनकार बुवा हातातली छडी एकेका पाप्यावर टेकवत ते काव्य सांगायचे. खोटी साक्ष देणारा, विहिरीत विष कालवणारा, दारातल्या पाहुण्याला उपाशी घालवणारा. ज्या पाप्यापाशी लोक जास्त रंगायचे तिथे छडी जास्त वेळ टेकायची आणि तिथलाच रंग आधी जायचा. सगळ्यात लाडका होता तो उकळत्या तेलाच्या कढईतला, भुकेल्याच्या तोंडचा घास काढणारा. बाकीचा नरक धडधाकट आणि याला तोंडच नाही, अशी दरवर्षी गत व्हायची. मग आषाढ लागला की ट्रस्टचा निरोप यायचा आणि तुम्ही रविवारी रंगांचा डबा घेऊन विक्रोळीहून मुलुंडला जायचात.

पण तुम्ही पडलात ड्राफ्ट्समन. आठवडाभर कारखान्यात बॉयलरची ड्रॉइंगं काढणारा माणूस नरकात उतरला तरी ती सवय कशी सुटणार? कढईचा रंग उडाला होता, ती नीट करायला घेतलीत आणि तिला पत्र्याचे जोड दिलेत, जोडावर बॉयलरला असतात तशा ओळीने रिव्हेटा मारल्यात आणि बुडाशी चक्क एक तोटी बसवलीत. मी विचारलं होतं, ही कशाला? तुम्ही अगदी गंभीरपणे म्हणालात, “एवढं तेल बदलायचं झालं तर काढणार कुठून?” यमदूतांच्या सोयीचा इतका विचार त्या कवीनेही केला नसेल. ट्रस्टवाल्यांना मात्र ती तोटी कधी दिसली नाही. त्यांची नजर पाप्यावरच असायची.

आणि पाप्याचा चेहरा. आता ते स्वयंपाकघर माझ्यासमोर उभं राहतंय. कॉलनीतली आपली खोली, आई पुऱ्या तळतेय, तुम्ही मला स्टुलावर बसवलंय आणि मांडीवर फळी घेऊन सांगताय, तेल तापलंय असं समज आणि ओरड. माझा पुढचा दात नुकताच पडलाय. मी आ वासते, आई कढईवरून मान वळवून बघते आणि म्हणते, “पोरीला नरकात घालताय, दुसरं कोणी मिळालं नाही का?” झालं, मला हसू फुटतं. तुम्ही पुन्हा सांगता, मी पुन्हा आ करते आणि पुन्हा हसते. तुम्ही फळी बाजूला ठेवता. “एक काम सांगितलं, तेही धड होईना. हसतेस काय? नरक आहे तो.” तुमचा आवाज चढलेला मी क्वचितच ऐकला होता. मी पुरी न खाता उठले, आणि तुम्ही वेळ नव्हता म्हणून जे हाताशी होतं तेच रंगवलंत. कढईत एक दात पडलेला, खदखदून हसणारा पापी.

बुवांची छडी पहिल्यांदा त्याच्यावर आली तेव्हा ते जरा अडखळले. मग म्हणाले, हा बघा, तेलात पडला तरी अजून हसतोय, सुटेन म्हणून. मंडपात हशा पिकला आणि तुम्ही मान खाली घालून सतरंजीकडे बघत बसलात. पुढे दरवर्षी तो चेहरा झिजला आणि दरवर्षी तुम्ही तो पुन्हा काढलात. मला पुन्हा स्टुलावर बसवलं नाहीत. मी कॉलेजात गेले, केस कापून घेतले, तुमच्याशी वाद घालायला लागले, आणि कढईत मात्र ती दात पडलेली पोर तशीच. मला ते तेव्हा खटकलंसुद्धा नाही. आता खटकतं.

चित्राचा अभ्यास करायला पवईहून एक बाई यायच्या. माझ्याहून थोड्याच मोठ्या, हुशार, मनमोकळ्या. रिव्हेटा बघून त्या खुर्चीवरून उठल्याच. ज्याने हे रंगवलं त्याने वाफेचं यंत्र पाहिलेलं असणार, म्हणजे चित्राचा काळच बदलतो, असं त्या म्हणाल्या. हसऱ्या पाप्यावर तर त्यांनी निबंधच लिहायला घेतला. पश्चात्ताप न होणं हीच खरी शिक्षा, असं काहीतरी. मी मान डोलावली आणि काही दिवस गप्प बसले. खरं सांगू, मला ते आवडत होतं. बोलले असते तर तुमचं सगळं काम चित्रातून गेलं असतं. बोलले नसते तर तुमची तोटी भिंतभर झळकली असती, शेकडो वर्षांपूर्वीची म्हणून. देवाच्या कामावर नाव घालायचं नाही, असं ट्रस्टने तुम्हाला बजावलं होतं. मग असं तरी राहा, असं वाटायचं. पण कारखान्यातल्या ड्रॉइंगवर साधी रेघ बदलली तरी काय बदललं आणि कोणी, हे कोपऱ्यात लिहिल्याशिवाय तुम्ही घरी येत नव्हतात. मला तुमचा रागच आला. मेल्यावरही माणसाने इतकं काटेकोर असू नये.

शेवटी चहा पिताना मी बाईंना म्हटलं, “ती तोटी माझ्या बाबांनी बसवलीय. आणि तो हसणारा पापी म्हणजे मी.”

त्यांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग नेमकं माझ्या दातांकडे, आणि इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. निबंधाची वाट लागली म्हणाल्या, पण चिडल्या नाहीत. मग हळूच विचारलं, “त्या चेहऱ्याच्या खाली मूळचं काय आहे?”

“काही नाही. छडीने सगळं गेलंय.”

मूळ कढईची पुसट कड मिळाली, ती मी भरून काढली. चेहऱ्याला काहीच आधार नव्हता. बाईंनी काव्यातली जागा काढून दिली. कवी म्हणतो, त्याचं तोंड उघडं आहे पण ओरडण्याचा आवाज बाहेर येत नाही. एवढ्यावरून काढ, म्हणाल्या. तुमच्या रंगकामाचा मी संगणकात वेगळा थर केला होता, तो पुसून टाकलेला नाही, फक्त दिसेनासा केलाय, आणि त्याच्या नावात काय बदललं आणि कोणी बदललं ते लिहिलंय. तुमच्या पद्धतीने.

आज दुपारी नवा चेहरा काढायला बसले. आधी तुमचाच घ्यावा म्हटलं, फिटंफाट. डोळे जमले, कपाळ जमलं, तोंडाशी हात थांबला. तुम्हाला वेदनेने ओरडताना मी पाहिलेलंच नाही. घाटकोपरच्या त्या इस्पितळात शेवटी किती दुखत होतं ते आम्हाला डॉक्टरांकडून कळायचं. तुम्ही विचारायचात, जेवलीस का.

मग मी ऑफिसच्या बाथरूममध्ये गेले, कडी लावली, फोन आरशासमोर धरला आणि तोंड उघडलं. तुमचे डोळे ठेवलेत, तोंड माझं घातलंय. ही चिठ्ठी कुठे धाडायची सोय नाही, म्हणूनच एवढं सांगते. बाबा, यावेळी मी हसले नाही.