मर्सीच्या नावाचं ताट

प्रिय मर्सी,

मी चोर न्हाई. ईस्टरला कबरस्तानाच्या फाटकात चार माणसांसमोर तू म्हणालीस, आत्यानं लग्नात दिलेलं माझं ताट ताईनं ढापलं. आन् वर हसलीस. एकोणीस वर्षं तेच ऐकतीय. माहेरची मांडणी ताईच्या ताब्यात, मग ताट गेलं कुठं. मग म्हणालीस, सख्ख्या भाचीच्या कबरेवर दोन फुलं ठेवायला हिचे गुडघे दुखतात, रानात जाताना न्हाई दुखत. तवापासून मी फोन लावते आन् तू कट करतीस. सकाळी ग्रुपवर मात्र वचन टाकतीस, एकमेकांवर प्रीती करा. कर की मग. माझी चौथी झालीय, एक पान लिहायला मला सकाळ जाती. तरी लिहितीय, कारण मला भ्या वाटतंय. मोबाइलवर टाकलं तर तुझा नवरा डॅनी वाचंल, न्हाईतर पोरगा केविन. हे पत्र पप्पूच्या दुधाच्या टेम्पोतनं दौंडला येईल. डॅनी कुरकुंभला ड्युटीवर गेला की उघड. बसून वाच.

नदीवरचं पांढरीचं टेकाड तुला ठाऊक हाय, लहानपणी आपण तिथं खापरं गोळा करायचो. पुण्याच्या कॉलेजातली पूनम मॅडम तिथं खोदायला आलीय. खाली तीन हजार वर्षांमागचं गाव हाय म्हणं. मी माती चाळायला जाते. दोरी लावून चौकोन आखतात, एक झाला की शेजारचा. आधी मला मजा वाटली. चूल निघाली, धान्याचं पेव निघालं. मग एका घराच्या जमिनीखाली दोन मडकी निघाली, तोंडाला तोंड लावून आडवी निजवलेली. मॅडमनं ब्रशनं माती झाडली. आत तान्हं लेकरू. हाडं कोंबडीच्या पिलागत. बाया पदर तोंडाला लावून बघत व्हत्या. मी चाळणी टाकून सावलीला जाऊन बसले. माझ्यासंगं माती चाळणारी पुतळाबाई म्हणाली, दबोरे, ऊन लागलं का गं? मी म्हणलं, व्हय, ऊनच.

त्या दिवशी भाकरी खाताना मॅडमनं फोटो दाखवले. ग्रीस देशातले, बायबलातला पौल जिथं सुवार्ता सांगत फिरला तिथले. ती तिथं शिकायला गेली व्हती, जुन्या शहरातल्या विहिरी, कबरी, खड्डे उकरायला. म्हणाली, तिथं एक विहीर उपसली तर तळाला तान्ह्या पोरांची हाडं, शेकड्यानं, कुत्र्यांच्या हाडांत मिसळलेली. पुतळाबाईनं त्या लोकांना घाण शिव्या घातल्या. मॅडम म्हणाली, मावशी, मारलेली नव्हती हो, बहुतेक आपसूक गेलेली. पण नाव ठेवायच्या आधी गेलेलं लेकरू ते लोक माणसात मोजत नसत, म्हणून कबर न्हाई. मी भाकर खाली ठेवली. मी म्हणलं, आमच्यात मोजतात. जोरात बोलले असणार, सगळे माझ्याकडं बघाय लागले.

मर्सी, दोरी रोज बोरीकडं सरकतीय. नदीच्या अंगाची ती वाकडी बोर. तिच्याखाली आपलं हाय. मी मॅडमला खोटं सांगितलं, तिथं नाग हाय, मी डोळ्यानं बघितला. तिनं सापवाला दत्ता बोलावला. त्यानं दोन तास बिळात काठी घातली, निघाला एक सरडा. पुतळाबाई म्हणती, सारखी तिकडंच बघतीस, सोनं पुरलंस का काय? सगळे हसले. मीबी हसले. कुणाचं खुरपं दगडाला लागून खण्ण वाजलं की मी हातातलं टाकून बघाय धावते. सोमवारी बोरीचा चौकोन उघडणार हायत.

आता ऐक. तुझं पहिलं बाळंतपण. धरणाचं पाणी सोडलेलं, पूल बुडालेला. पोरगी झाली ती रडलीच न्हाई. तू तापानं फणफणलेली, माणूस वळखू येत नव्हतं. कबरस्तान पलीकडं, पाळक पलीकडं, पेटी करणारा सुतारबी पलीकडंच. आपल्या आबांनी एक दिवस वाट बघितली. पाणी उतरंना. मग त्यांनी नवा माठ धुतला, माझ्या लुगड्याचा मऊ तुकडा आत घातला आन् तिला पोटात निजल्यागत आत ठेवली. त्यांना ते कुणी शिकवलं नव्हतं. वर झाकायला काही मिळंना, तवा मांडणीवरचं ताट काढलं. तुझं, सासरी न्यायचं राहिलेलं. आत्यानं नाव घालून दिलेलं, मर्सी दावीद, सप्रेम भेट, खाली तारीख. मी म्हणलं, आबा, ते मर्सीचं हाय. ते म्हणाले, आईचं नाव असू दे लेकरावर. टेकाडावर नेली, कारण गावात तेवढीच माती कोरडी व्हती.

तू शुद्धीवर आलीस तवा आबांनी सांगितलं, होडीतनं नेली, पाळकांनी प्रार्थना केली. बापाचा जीव, तुला बरं वाटावं म्हणून. पाणी उतरल्यावर कबरस्तानात नुसत्या मातीवर क्रूस रोवला, त्यावर लिहिलं 'बाळ'. तवाच्या पाळकांना ठाऊक व्हतं, ते बदलून गेले. उन्हाळ्यात हलवू, पुढच्या उन्हाळ्यात हलवू, असं करत आबाच गेले. तू एकोणीस ईस्टर रिकाम्या मातीवर शेवंती वाहिलीस. मी तिथं कुठल्या तोंडानं येऊ? गुडघे न्हाई दुखत माझे.

गेल्या रविवारी कामाला सुट्टी व्हती. मी खुरपं घेऊन बोरीखाली गेले. गुपचूप उचलू, त्या क्रुसाखाली नेऊन ठेवू, तुला कळायचंबी न्हाई. वीतभर माती काढली आन् हात थांबला. एकदा तुझ्या पाठीमागं तिला ठेवली, आता तुझ्या पाठीमागंच उचलू? माती परत लोटली. सोमवारी ताट निघालं तर तुझं नाव सगळ्या गावासमोर मोठ्यानं वाचतील, पोलीस येतील, डॅनीला बाहेरनं कळंल, आन् लेकराला पिशवीत घालून वर नंबर टाकतील. तसं व्हायच्या आत शनिवारी मॅडमला सांगायचं. आई तू हायस, तू सांग, मी शेजारी उभी राहीन. पोलिसांनी मला नेलं तर नेऊ दे. आन् आणखी एक. ताट झाकायच्या आधी आबांनी नदीचं पाणी तिच्या कपाळाला लावून नाव ठेवलं. ते आबांना आन् मला ठाऊक व्हतं, आता माझ्या एकटीच्या पोटात हाय. कागदावर लिहिणार न्हाई. तू ये, बोरीखाली तुझ्या कानात सांगते. शिव्या घालायच्या तर तिथंच घाल, मोजून घाल. पण येतीस का न्हाई, एवढं लिहून पप्पूच्या हाती दे. तो शुक्रवारी दुपारी दौंडातनं निघतो. शुक्रवारच्या पुढं मला थांबता यायचं न्हाई.

ताट न चोरलेली, तुझीच ताई,
दबोरा