डब्यातल्या पैशांना पावती

२ जून १९५७, रविवार
काही काम न करता दरमहा मिळणारी ठरलेली रक्कम उत्पन्न धरायची की मदत? मला सांगता येत नाही. अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाले, घरातली पहिली, तरीही! शेजारच्या रखमावहिनींचे यजमान वारले. वहिनींना दमा, काम होत नाही. म्हणून चाळ त्यांना महिन्याला वीस रुपये देते. पगाराच्या संध्याकाळी मारुतीपुढे डबा ठेवतात. कोणी किती टाकले, विचारायचं नाही. कमी पडले तर कमिटीचे गुणाजीकाका भर घालतात. भावना चांगली, पण कारभार अंधारातला. संयुक्त महाराष्ट्र असा चालणार नाही. लक्ष घालायचं ठरवलं.

५ जून
आयकर कचेरीत गेले. साहेब हसले. म्हणाले, "बाई, वीस रुपयांवर कर लावला तर कागदच महाग पडेल. घरी जा." म्हणजे कर नाही. पण 'उत्पन्न नाही' असं काही ते म्हणाले नाहीत. मुद्दा त्यांना पटलेला दिसला.

११ जून
वहिनींच्या नलूचा नादारीचा अर्ज भरला. उत्पन्नापुढे वहिनी 'काही नाही' लिही म्हणाल्या. "दरवर्षी तसाच लिवतत गो." मी 'दरमहा वीस रुपये, कायम' लिहिलं. खरं सांगणाऱ्याची फी शाळा माफ करणारच.

२४ जून
नादारी नाकारली. कायमचं उत्पन्न आहे म्हणून! मुख्याध्यापिकाबाईंना भेटले. म्हणाल्या, ही देणगी असेल तर कोण किती देतं ते लेखी आणा. अगदी सोपं. पावतीपुस्तक छापायला टाकलं.

१० जुलै, पगार
पहिल्या पावत्या फाडल्या. गुणाजीकाका म्हणाले, "अगो, मारुतीक पण एक फाड!" मी हसले. चाळीला शिस्त लागते आहे.

१२ जुलै
पावत्या बायकांच्या हाती लागल्या. कांताबाईंना कळलं, घरात साखर नसताना नवरा दोन रुपये टाकतो. समोरच्या बिऱ्हाडात कळलं, दोन रुपयांची ऐट मिरवणारा नवरा चारच आणे टाकतो. दोन्हीकडे भांडी आपटली. शिवाय कोणीतरी उठवलं, नावं इन्कमटॅक्सला जाणार. मी समजावलं, गेली तरी भिण्याचं कारण नाही. त्याने लोक जास्तच घाबरले. सुरुवातीला असं व्हायचंच.

१० ऑगस्ट, पगार
डबा रिकामा. काकांनी खिशातले पाच रुपये वहिनींना दिले. मला म्हणाले, "ह्येची पावती नको हां, बाय." पण आता वहिनींचं उत्पन्न खरोखरच काही नाही! सोमवारी तसं लिहून शाळेत देते. प्रश्न मिटला.

१२ ऑगस्ट
नादारीच्या जागा भरल्या. मुख्याध्यापिकाबाई पुढच्या जूनला या म्हणाल्या. फी थकली म्हणून नलूचं नाव पटावरून काढलं आहे. वहिनी रागावल्या नाहीत. खोकला थांबल्यावर एवढंच म्हणाल्या, "तू शिकलेली, म्हणान तुका विचारलंय." सरकारकडे निवेदन लिहायला बसले. अर्ध्या पानावर अडले.

१९ ऑगस्ट
फणसवाडीत एका घरी मूल सांभाळायला मुलगी हवी होती. दोन वेळचं जेवण आणि वर बारा रुपये. चौकशी मीच केली. जूनपर्यंतच, असं वहिनींना सांगितलं. आज सकाळी नलूला तिथे पोचवून आले. तिच्या अंगावर शाळेचाच फ्रॉक होता. दुसरा नाही.