तळाचे तीन ठिपके

मंगळवार, संध्याकाळ. विश्रामबाग.

उगाच हमीदाबींना प्रदर्शनातल्या खापरांसाठी लिहिलेलं लेबल वाचून दाखवलं.

उत्खननात समोरासमोरच्या दोन घरांत एकेका घड्याचं खापर मिळालं. दोन्हींवर सारखीच फुली, घडा भाजून झाल्यावर ओरखडलेली. म्हणजे कुंभाराची नव्हे, मालकाची खूण. खूण एकच, तेव्हा दोन्ही घरं एकाच कुटुंबाची, असं मी लेबलावर ठोकून दिलं. कॉलेजात खापरं धुवायला आष्ट्याहून येणाऱ्या हमीदाबी हसल्याच.

"आवं मॅडम, एक घर कशानं? लग्नाला भांडी देताना आमी बी खूण करतो, म्हंजी आपलं आपल्याला माघारी येतं. समोरच्या घरातलीनं मागून नेलं आसंल. द्यायचं ऱ्हायलं."

मी एवढी चिडले का? त्या काय चुकीचं बोलल्या?

घरी आले, दूध तापवायला पातेलं घेतलं आणि उलटं करून पाहिलं. पाहायची काय गरज होती? तळाला खिळ्यानं ठोकलेले तीन ठिपके. वडूजच्या जाऊबाईंची खूण. मुलीच्या बारशाला त्यांच्याकडून आणलं होतं. मग शेताची वाटणी झाली आणि बोलणंच तुटलं. मुलगी आता कॉलेजला जाते. रोज घासताना ते ठिपके बोटाला लागतात, आणि मी रोज पातेलं फळीवर पालथं घालते.

परत द्यायचं म्हणजे आधी फोन करायचा. काय बोलणार?

पर्समधलं लेबल काढलं, खोडायला पेन उघडलं. उद्या कुणी माझं आणि जाऊबाईंचं स्वयंपाकघर उकरलं, तर हे ठिपके बघून तोही लिहील, या दोघी एकाच घरच्या.

खोडवेना.