थांबणं मोजणारं मीटर

आई,

तुला वाचता येत नव्हतं, आणि मला तरी कुठं धड लिहिता येतं. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, जोडाक्षर आलं की अजून हात अडखळतो. तरी लिहायला बसलेय. गिरणीतलं मीटर म्हणजे काय हे ठाऊक असलेलं माणूस माझ्या ओळखीत आता उरलं नाही गं. शेजारच्या बाईंना सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "लाइटचं मीटर का हो?" मग पुढं काय बोलणार! सून ऑफिसला गेलीय, नात आतल्या खोलीत दार लावून कामाला बसलीय, आणि मी इथं डोंबिवलीच्या गॅलरीत गुडघे उन्हात ठेवून बसलेय. माझी नात म्हणजे तुझी पणती. तू तिला पाहिलं नाहीस. उंच आहे, आमच्यात कुणी एवढं उंच नाही, पण कपाळाला आठी पडते ती हुबेहूब तुझी. थकली की चिडते, हेही तुझंच.

ती कॉम्प्युटरचं काम करते. एकदा मी विचारलं, "अगं, दिवसभर करतेस तरी काय? मला तर काळ्या पाटीवर मुंग्या सोडल्यासारखं दिसतं." तर हसली, आणि हातातलं काम सोडून मला सांगत बसली. तेवढा वेळ ती मला देते गं, खोटं कशाला बोलू. म्हणाली, "आजी, कॉम्प्युटरच्या आत चिप असते ना, तिच्यातच बारीक बारीक मीटर असतात. किती काम झालं, कुठं अडलं, ते मोजतात. पण कुणीही उठून त्यांना हात लावायचा नाही. सगळ्यांवर देखरेख करणारा एक प्रोग्राम असतो, कर्नल. मीटर लावणार तो, वाचणार तो."

"म्हणजे आमची नायकीण," मी म्हटलं.

"कोण नायकीण?"

मग मी तिला सगळं सांगितलं. आंबिवलीची गिरणी, तुमचं वायंडिंग खातं, बॉबिनवरचं सूत कोनावर गुंडाळणाऱ्या तुम्ही बायका, आणि तुमच्यावर देखरेख करणारी ती ठेंगणी नायकीण. सूत गुंडाळायच्या यंत्राला तुम्ही साचा म्हणायचा, त्याच्या कडेला मीटर, काचेआड आकडे फिरायचे. पाळी संपली की ती यायची, आकडा वाचायची आणि खडूनं पत्र्यावर लिहायची. नाही लिहिला तर तुझं सूत पुढच्या पाळीच्या बाईच्या नावावर जायचं. केवढी भांडणं व्हायची त्यावरून! तू घरी येऊन त्यांच्या नकला करायचीस. फाटके कागदी कोन आणायचीस आमच्यासाठी, आम्ही टोप्या म्हणून घालायचो, धाकटा तर तसाच झोपायचा. बघ, कुठं गेले मी. तर नात ओरडलीच, "अय्या आजी, अगदी हेच! एका चिपवर प्रोग्राम पाळीपाळीनं बसतात. एक उठला की कर्नल त्याचा आकडा काढून ठेवतो, दुसऱ्याचा लावतो. नाहीतर ह्याचं काम त्याच्या नावावर."

"मग खडू कुठाय?"

"मी तो खडूच बनवतेय गं!"

काय सांगू, मला इतकं बरं वाटलं! एक नवी चिप आलीय म्हणे, तिची मीटरं कर्नलला कशी कळावीत ते लिहायचं काम हिच्याकडे. सून म्हणते, "दोघी सारख्याच. एक जेवत नाही, दुसरी गप्प बसत नाही." म्हणू दे.

पण खरी गंमत पुढं आहे. ह्यांच्याकडे एक मीटर आहे ते काम नाही मोजत, थांबणं मोजतं. चिपला हवा तो माल, म्हणजे माहिती, आत आला नसला की ती नुसती उभी राहते, आणि ते उभं राहणंही वेगळं मोजलं जातं. आई, मी दोनदा विचारून खात्री केली. तुमच्या मीटरला काय कळायचं? सूत तुटलं की साचा थांबला, साचा थांबला की आकडा थांबला. ओलं सूत आलं म्हणून दिवसभर गाठी मारत तू उभी, पाय सुजलेले, आणि पत्र्यावर खडूनं एवढासा आकडा. नायकीण म्हणायची, "आज काय झोपा काढल्या काय गं?" त्या दिवशी तू घरी नकला करायची नाहीस. भिंतीला पाय लावून पडून राहायचीस. मी तेल चोळायला बसले की म्हणायचीस, "राहू दे, मोजलं जात नाही ते दुखतही नाही." मला तेव्हा ते खरंच वाटायचं.

म्हणून मी त्या मीटरच्या मागे लागले. चहा दिला की विचारायचे, थांबण्याचं झालं का? पहिल्यांदा ती कौतुकानं सांगायची. मग मान हलवायची. मग नुसता कप घ्यायची. बाकीची मीटरं नीट बसली, हेच बसेना. तिचे वरचे लोक काम तपासतात, तिनं पाठवलं की चुका काढून परत पाठवतात, आणि दर वेळी बोट ह्याच मीटरवर. पोरगी वाळली गं. ठाण्याच्या खोपट डेपोत गावच्या एसटीत मला बसवायला आली तर तिथंच उभ्या उभ्या लॅपटॉप उघडला. मी म्हटलं, "अगं, एवढं अडतंय काय?"

"आजी, चिपला काम नसलं की ती झोपते. आणि हे मीटर ती झोपही थांबण्यातच धरतंय. मालासाठी खोळंबलेली कुठली आणि झोपलेली कुठली, मला वेगळं काढता येत नाहीये."

"मग दोन्ही धर. कुणाचं काय जातंय?"

"लोक तो आकडा खरा धरतील ना. त्यावरून कुणाचा तरी प्रोग्राम वाईट ठरवतील."

आज सकाळी निकाल लागला. तिचं काम घेतलं त्यांनी. ते एक मीटर मात्र तिनं स्वतःच काढून टाकलं होतं. मला सांगायला स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकून उभी राहिली. "आजी, चुकीचा आकडा देण्यापेक्षा नसलेला बरा. नाराज झालीस?" मी म्हटलं, "मी कशाला?" आणि भाकरी थापत राहिले. झाले होते नाराज. तुझं काहीतरी लागणार होतं तिथं, असं मनात धरलं होतं मी. वेडेपणाच.

मग मघाशी इथं बसल्यावर एक दुपार आठवली. धाकट्याला ताप भरला म्हणून मी तुला बोलवायला गिरणीत आलेले. पहारेकऱ्यानं ओळखून आत सोडलं. तू साच्यापाशी खांबाला टेकलेली, तुटलेलं सूत बोटाला गुंडाळलेलं, डोळे मिटलेले. नायकीण तिकडून आली. मला वाटलं, आता ओरडणार. तिनं तुझ्याकडे पाहिलं, काचेतल्या आकड्याकडे पाहिलं, आणि पुढच्या साच्याकडे निघून गेली. मी हात लावला तशी तू दचकलीस. माझ्यावरच खेकसलीस, "अनवाणी आलीस? पायात पत्रा घुसला म्हणजे?" आणि मग, मी काही विचारलं नसताना, "डोळ्यात कापूस गेला होता."

आई, तुमच्या साच्याला थांबणं मोजणारं मीटर असतं ना, तर मालकानं तुझ्या सुजलेल्या पायांसाठी नसतं गं वाचलं ते. खांबाला टेकलेलं तेवढं वाचलं असतं. एवढी साधी गोष्ट पोरीला कळली, आणि मी इतके दिवस चहाबरोबर तिचा जीव खाल्ला.

आता पाणी द्यायला आत डोकावून आले. टेबलावर डोकं ठेवून पडलीय, हात त्या बटणांवरच. समोरचा पडदा काळा झालाय. झोपलीय की नुसती थांबलीय, मला नाही कळलं. पाण्याचा तांब्या तसाच घेऊन परत आले, दार ओढून घेतलं. हे पत्र काही कुठं जायचं नाही, तुझा पत्ताच नाही. सुनेचा फोन येईल एवढ्यात, लेक काय करतेय म्हणून विचारेल. मी सांगणार आहे, काम करतेय.